शेवटच्या घंटेपर्यंत उभा राहिलेला माणूस



सुट्टीच्या दिवशी घरातील लहानथोर एकत्र बसून पाहू शकतील असे सिनेमे थोडे. पाहून झाल्यावर रात्रीच्या जेवणात ज्यावर वाद घालावासा वाटेल, असे तर त्याहून थोडे. आज अशाच एका जुन्या इंग्रजी सिनेमाची गोष्ट सांगायची आहे. त्याचे नाव 'रॉकी'. १९७६ साली तो अमेरिकेत पडद्यावर आला. नाव पुष्कळांनी ऐकले असेल. वस्तीतल्या व्यायामशाळेच्या भिंतीवर त्याच्या नायकाचे चित्रही कुणी पाहिले असेल. पण हा सिनेमा किती थोड्या पैशांत, किती अडचणींतून उभा राहिला, आणि तो पाहून जाणकारांनी काय म्हटले, हे फारसे कुणी सांगत नाही. शिवाय या सिनेमात एका खऱ्या मजुराचा घाम मिसळलेला आहे. त्याचे नाव तर फारच थोड्यांना ठाऊक आहे.

आधी सिनेमाची कथा थोडक्यात सांगतो.

फिलाडेल्फिया शहरातील कामगारांची वस्ती. तिथे रॉकी बाल्बोआ नावाचा तिशीतला मुष्टियोद्धा राहतो. अंधाऱ्या सभागृहांत किरकोळ लढती खेळतो आणि मिळतील त्या चार पैशांवर समाधान मानतो. एवढ्यावर पोट भरत नाही म्हणून एका सावकाराची वसुली करतो. कर्ज थकवलेल्या माणसाचा अंगठा मोडून ये, असा मालकाचा हुकूम असतो. पण याच्या हातून तो मोडवत नाही. तालमीतले त्याचे सामान ठेवायचे कपाटसुद्धा वस्तादाने दुसऱ्याला देऊन टाकलेले असते. घरी बोलायला दोन कासवे. मनात एकच ओढ, प्राण्यांच्या दुकानात काम करणारी लाजरी एड्रियन.

अशा माणसाला एके दिवशी जगज्जेत्याशी लढण्याचे बोलावणे येते. त्यामागे त्याची योग्यता नसते, एक जाहिरातीची कल्पना असते. जगज्जेता अपोलो क्रीड याचा ठरलेला प्रतिस्पर्धी जायबंदी होतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे दोनशेवे वर्ष असते. तेव्हा एखाद्या अनोळखी गरिबाला संधी दिली तर गर्दी जमेल, असा हिशेब होतो आणि यादीतून रॉकीचे नाव निवडले जाते. कारण काय, तर त्याचे टोपणनाव ऐकायला मजेदार आहे!

लढतीच्या आदल्या रात्री रॉकी एड्रियनला सांगतो, आपण त्याला हरवू शकणार नाही. पण अपोलोसमोर पंधरा फेऱ्या आजवर कुणी टिकलेले नाही. शेवटची घंटा वाजेल तेव्हा आपण पायांवर उभे असलो, तर आपण गल्लीतले आणखी एक फालतू पोर नव्हतो, एवढे तरी आपल्याला कळेल.

आणि तसेच होते. रॉकी पंधरा फेऱ्या टिकतो आणि हरतो. शेवट आधीच सांगितला म्हणून रागावू नका. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. मुष्टियुद्धात मात्र दोघेही उभे राहिले तर पंचांनी दिलेल्या गुणांवर निकाल ठरतो. इथे पंचांचे मत विभागले जाते आणि जगज्जेतेपद अपोलोकडेच राहते. पण निकाल पुकारला जात असताना रॉकीचे तिकडे लक्षच नसते. सुजलेल्या डोळ्यांनी तो गर्दीत एड्रियनला हाका मारत असतो. नायक हरतो आणि तरीही लोक टाळ्या वाजवीत बाहेर पडतात, हीच या सिनेमाची खरी कमाई आहे.

एका रात्रीची ठिणगी

ही कथा सुचली ती एका खऱ्या लढतीवरून. २४ मार्च १९७५ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात महंमद अली विरुद्ध चक वेप्नर असा सामना झाला. वेप्नर न्यू जर्सीतल्या बेयॉन गावचा. वय ३६ वर्षे. पोटासाठी दारूच्या मालाची विक्री करत फिरणारा. मार खाऊन त्याचा चेहरा इतक्या वेळा फुटला होता की लोकांनी त्याला रक्तावरूनच टोपणनाव दिले होते. दोन-तीन फेऱ्यांत हा आडवा होणार, असेच सगळे धरून चालले होते. पण नवव्या फेरीत चक्क अली खाली पडला! वेप्नरचा पाय आपल्या पायावर पडला होता, असे अलीचे म्हणणे होते. ते काही असो, वेप्नर पंधराव्या फेरीपर्यंत टिकला. अवघे १९ सेकंद उरलेले असताना पंचांनी लढत थांबवली.

हा सामना चित्रपटगृहाच्या पडद्यावर पाहणाऱ्यांत सिल्व्हेस्टर स्टॅलोन नावाचा एक बेकार नट होता. जन्माच्या वेळी चिमट्याचा दाब बसून त्याच्या चेहऱ्याच्या एका बाजूची नस दुखावलेली. त्यामुळे ओठ वाकडा आणि बोलणे जडसर. अशा नटाला गुंडाची, नाही तर गर्दीतली कामे मिळायची. घरी बायको गरोदर आणि बँकेत १०६ डॉलर, असे तो स्वतः सांगतो. पोटापाण्याची इतकी ओढाताण होती की लाडका कुत्रा विकावा लागला, हेही तोच सांगतो. सामना पाहून आल्यावर त्याने साडेतीन दिवसांत कथेचा पहिला खर्डा लिहून काढला. पुढे त्यात पुष्कळ फेरबदल झाले, पण गाभा तोच राहिला.

आयर्विन विंकलर आणि रॉबर्ट चार्टॉफ या निर्मात्यांना पटकथा आवडली. मात्र त्यांना नायक म्हणून नाव असलेला नट हवा होता. पटकथा विकून बाजूला हो, म्हणून स्टॅलोनला मोठी रक्कम देऊ केली गेली. तो आकडा साडेतीन लाख डॉलरपर्यंत चढला होता, असे तो सांगत आला आहे. खिशात १०६ डॉलर असलेल्या माणसाने नकार दिला. नायकाची भूमिका मीच करणार, नाही तर पटकथा देणार नाही, असा हट्ट त्याने धरला.

घरोघरच्या मायबापांना हा हट्ट वेडेपणाचा वाटेल. त्यांचे चुकतेय असेही म्हणता येत नाही. घरात बाळ येणार असताना समोरचे पैसे नाकारणे हा मोठा जुगार होता. या माणसाचा जुगार फळला म्हणून आज त्याची गोष्ट सांगितली जाते. ज्यांचा फळला नाही त्यांची गोष्ट कुणी लिहीत नाही, हेही मुलांना सांगून ठेवलेले बरे.

तुटपुंज्या पैशांची किमया

युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीने अखेर हट्ट मान्य केला. पण अनोळखी नट असेल तर पैसे कमी, ही अट घातली. जवळपास दहा लाख डॉलरमध्ये सगळे बसवायचे होते. त्याच वर्षी आलेल्या 'किंग काँग' या सिनेमावर दोन कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता, यावरून फरक लक्षात यावा. खर्च वाढला तर भरपाईची हमी म्हणून निर्मात्यांनी आपली घरे गहाण टाकली, असे सांगितले जाते. स्टॅलोनने नटांच्या संघटनेने ठरवलेल्या किमान मजुरीवर काम केले आणि नफ्यात वाटा ठेवला. दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसन याने २८ दिवसांत चित्रीकरण उरकले. काही दिवस फिलाडेल्फियात आणि बाकीचे बहुतेक लॉस एंजेलिसमध्ये.

पैसा नाही म्हटल्यावर घरचीच माणसे कामाला लागली. रस्त्याच्या कोपऱ्यावर गाणाऱ्या टोळक्यात दिसतो तो स्टॅलोनचा भाऊ. लढतीची घंटा वाजवतात ते त्याचे वडील. चित्रीकरणाच्या वेळी छायाचित्रे काढली ती त्याच्या बायकोने. आणि रॉकीबरोबर पळणारा कुत्रा? तोच विकलेला कुत्रा. पटकथेचे पैसे आल्यावर स्टॅलोनने कितीतरी पट किंमत मोजून त्याला परत आणले होते.

गंमत अशी, की या सिनेमातले जे प्रसंग लोकांना आजही आठवतात, त्यांतले कितीतरी टंचाईतून जन्मले. रॉकी आणि एड्रियन पहिल्यांदा बाहेर फिरायला जातात तो प्रसंग घ्या. बर्फावर घसरत खेळण्याच्या जागी शेकडो माणसांची गर्दी दाखवायची, असे आधी लिहिले होते. एवढ्या माणसांना मजुरी कुठून द्यायची? मग प्रसंग बदलला. खेळाची जागा बंद झाली आहे, रॉकी राखणदाराला दहा डॉलर देऊन दहा मिनिटे मागून घेतो. त्या रिकाम्या मैदानात एड्रियन एकटी तोल सावरत घसरते, हा बाजूने चालत गप्पा मारतो आणि राखणदार मागून उरलेली मिनिटे ओरडून सांगतो. विकत घेतलेल्या दहा मिनिटांतले हे प्रेम गर्दीत कधीच दिसले नसते.

लढतीसाठी शिवून आणलेला अंगरखा रॉकीला ढगळ झाला. नवा शिवायला वेळही नव्हता आणि पैसाही. मग, हा जरा मोठाच झाला नाही का, असे रॉकीच एड्रियनला विचारतो, असा संवाद घातला. सभागृहात लावलेल्या भल्यामोठ्या चित्रात रॉकीच्या चड्डीचा रंग चुकला. तेव्हा रॉकी आदल्या रात्री तिथे जातो, चूक दाखवतो आणि आयोजक त्याला सांगतो की त्याने काही बिघडत नाही, असा प्रसंग रचला. वरवर पाहता ही सारवासारव. पण त्या एका उत्तरातून केवढे कळते! आपला फक्त तमाशा होणार आहे, आपल्याकडे कुणी नीट पाहिलेलेसुद्धा नाही, हे त्या माणसाला तिथेच उमगते. तिथून तो घरी येतो आणि टिकून राहण्याचे ते बोलणे एड्रियनपाशी बोलतो. वेळ नाही म्हणून तेही गाळायचे ठरत होते. स्टॅलोनने आग्रह धरला तेव्हा एकदाच काय ते चित्रित करून घेण्याची मुभा मिळाली, असे तो सांगतो. सगळा सिनेमा ज्या खांबावर उभा आहे, तो खांब एका झटक्यात रोवला गेला.

रस्त्यावर धावण्याचे प्रसंग चार-सहा माणसांनी रीतसर परवानग्या न घेताच उरकले. बाजारातून रॉकी धावत असताना एक फळवाला त्याच्याकडे संत्रे फेकतो. ते कुणी ठरवलेले नव्हते. सिनेमा चालला आहे हे त्या फळवाल्याला ठाऊकही नव्हते. आणि त्या प्रसिद्ध पायऱ्या? गॅरेट ब्राऊन नावाच्या माणसाने अंगावर पट्ट्यांनी बांधायचे एक यंत्र तयार केले होते. ते घालून कॅमेरावाला धावला तरी पडद्यावरचे चित्र हलत नसे. नमुना दाखवण्यासाठी त्याने आपल्या मैत्रिणीला फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या चढता-उतरताना टिपले होते. ॲव्हिल्डसनने तो नमुना पाहिला आणि या पायऱ्या कुठे आहेत, असे विचारले. अशा ७२ पायऱ्या सिनेमात आल्या. बिल कॉन्टी याने अगदी थोड्या पैशांत बसवलेले संगीत त्यावर चढले. आज जगभरातून येणारे लोक त्या पायऱ्यांवर धावत जातात आणि वर हात उंचावतात.

शेवटच्या लढतीची तर एखाद्या लेझीमपथकासारखी तालीम झाली. कुठला ठोसा कुणी, कधी मारायचा, हे स्टॅलोनने पानेच्या पाने लिहून काढले. अपोलोचे काम करणारा कार्ल वेदर्स पूर्वी फुटबॉल खेळलेला दणकट गडी. दोघांनी आठवडेच्या आठवडे सराव केला. चेहऱ्यावरची सूज रंगवायला वेळ लागतो, म्हणून चित्रीकरण पंधराव्या फेरीपासून सुरू करून उलटे पहिल्या फेरीकडे आणले. एकेक सूज उतरवत न्यायची. काटकसर माणसाला काय काय शिकवते!

टीकाकारांचे दोन तट

२१ नोव्हेंबर १९७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये सिनेमा लागला. दुसऱ्याच दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये व्हिन्सेंट कॅन्बी या नामवंत समीक्षकाने त्याला झोडपले. झोपडवस्तीतला हा भावनाळू छोटा सिनेमा असून त्याची नको तेवढी जाहिरात झाली आहे, असा त्याचा सूर होता. स्टॅलोनचा अभिनयही त्याला खरा वाटला नाही.

शिकागोच्या रॉजर ईबर्टने मात्र चारपैकी चार तारे दिले. गोष्ट हजारदा ऐकलेली आहे हे त्याने मान्य केले. पण ती अशा खरेपणाने सांगितली आहे की आपण तिच्यात ओढले जातो, असे त्याने लिहिले. 'न्यूयॉर्कर'च्या पॉलीन केल या तर कडक समीक्षक म्हणून प्रसिद्ध. सिनेमाचा भाबडेपणा त्यांनाही दिसला होता. पण त्याच भाबडेपणात त्याची ताकद आहे, असे त्यांनी म्हटले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट पाहिले तर लक्षात येते, की दोघांना दिसली होती एकच गोष्ट. साधी कथा, गरीब वस्ती आणि उघडी भावना. एकाला ती खोटी वाटली, दुसऱ्याला खरी. यात काळाचाही भाग होता. वॉटरगेट प्रकरणात १९७४ साली अमेरिकेच्या अध्यक्षाला पायउतार व्हावे लागले होते. व्हिएतनामचे युद्ध १९७५ साली पराभवात संपले होते. त्या वर्षीचे गाजलेले सिनेमेही तसेच काळोखे होते. 'टॅक्सी ड्रायव्हर', 'नेटवर्क', 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'. अशा वेळी कुणीतरी, हरलास तरी उभा राहा, असे सांगितले आणि थकलेल्या लोकांना ते हवेच होते.

मार्च १९७७ मध्ये ऑस्कर पारितोषिके जाहीर झाली. 'रॉकी'ला दहा नामांकने होती. उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि संकलन अशी तीन पारितोषिके त्याने वर नाव घेतलेल्या दिग्गजांपुढे पटकावली. त्या सोहळ्यात महंमद अली अचानक मंचावर आला आणि माझीच कथा चोरलीस, म्हणून त्याने स्टॅलोनला गमतीने धमकावले. दहा लाखांच्या आसपास खर्च झालेल्या सिनेमाने अमेरिका-कॅनडात ११ कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला.

एक गोष्ट मात्र टीकाकारांनी तेव्हा फारशी बोलून दाखवली नाही. आज आपल्या लेकीसुनांबरोबर पाहताना ती खटकते. रॉकी एड्रियनला आपल्या खोलीवर घेऊन येतो. ती निघू पाहते तेव्हा तो दाराशी आडवा उभा राहतो. सिनेमा याला प्रेम म्हणतो. बाईने नको म्हटले तर वाट सोडायची असते, एवढे तिथे थांबून घरच्या मुलांना सांगावे. पण याच सिनेमात एक सुंदर प्रसंगही आहे. तिचा भाऊ पॉली दारू पिऊन घरात आदळआपट करतो, तिच्यावर उपकारांची यादी वाचतो. जन्मभर मान खाली घातलेली एड्रियन तेव्हा मान वर करते आणि तुझे मी काही देणे लागत नाही, असे त्याला सुनावते. रॉकीच्या पंधरा फेऱ्यांइतकीच तिची ही एक फेरी मोलाची आहे.

मांसाच्या कारखान्यातला खरा मजूर

आता त्या मजुराविषयी. सिनेमात रॉकी गोठवलेल्या मांसाच्या धडावर ठोसे मारून सराव करतो. पहाटेच्या अंधारात धावतो आणि त्या पायऱ्या चढतो. हे सगळे फिलाडेल्फियात खरोखर करणारा एक माणूस होता. त्याचे नाव जो फ्रेझियर. आणि तो कृष्णवर्णीय होता.

फ्रेझियरचा जन्म १९४४ साली दक्षिण कॅरोलायना राज्यात झाला. घरी मुलांची रांग. आईबाप जमीन वाट्याने कसणारे. लहानपणी एक दांडगा डुक्कर मागे लागला, पळताना तो पडला आणि डावा हात दुखावला. डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते. हात जसा बरा झाला तसा झाला. पुन्हा पूर्ण सरळ झालाच नाही. पुढे याच वाकड्या डाव्या हाताच्या ठोशाने जग हादरले. कोवळ्या वयातच तो उत्तरेकडे फिलाडेल्फियाला आला आणि कत्तलखान्यात कामाला लागला. टांगलेल्या मांसावर ठोसे मारून त्याने हात तयार केले. १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये अंगठा मोडलेला असताना त्याने सुवर्णपदक जिंकले. १९७० साली तो जगातला निर्विवाद जगज्जेता झाला. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कला पंधरा फेऱ्यांच्या लढतीत त्याने महंमद अलीला हरवले, आणि पंधराव्या फेरीत तर खालीही पाडले.

म्हणजे रॉकीला पडद्यावर जे साधले नाही, ते फ्रेझियरने रिंगणात करून दाखवले होते! 'रॉकी' सिनेमात तो स्वतः दिसतोही. लढतीआधी रिंगणात येतो, दोघांना भेटतो आणि निघून जातो. बस, तेवढेच. मांस आपले, पायऱ्या आपल्या, आणि नाव दुसऱ्याचे झाले, ही खंत त्याने पुढे मुलाखतींतून बोलून दाखवली.

त्यात भर म्हणून सिनेमातला गरीब, कष्टाळू नायक गोरा, आणि श्रीमंत, बढाईखोर जगज्जेता काळा. अमेरिकेत याला जुना इतिहास आहे. १९०८ साली जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला, तेव्हापासून त्याला पाडणारा गोरा शोधण्याची तिथे मोहीमच निघाली. निवृत्त झालेल्या जेफ्रीजला १९१० साली त्यासाठी परत रिंगणात उतरवले गेले. जॉन्सनने त्याला हरवले आणि त्या रात्री अनेक शहरांत गोऱ्यांनी काळ्यांवर हल्ले केले, माणसे मेली. 'रॉकी' म्हणजे त्याच जुन्या इच्छेची गोड आवृत्ती आहे, असे म्हणणारे टीकाकार पुढे पुढे वाढत गेले. १९७९ साली 'रॉकी'चा दुसरा भाग आला. त्यात रॉकी अपोलोला हरवतो. तो भाग अलीने ईबर्टबरोबर बसून पाहिला. काळा माणूस शेवटी श्रेष्ठ ठरला असता तर ते अमेरिकेच्या शिकवणीविरुद्ध झाले असते, असे तेव्हा अलीने सांगितले.

सिनेमाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. पहिल्या भागात अपोलो खलनायक नाही. तो हुशार आहे, आपला धंदा जाणतो, पंधरा फेऱ्या शर्थीने लढतो आणि जिंकतो. वेदर्सने त्याला जी ऐट दिली, ती विसरता येत नाही. पण प्रेक्षकाने कुणासाठी टाळ्या वाजवायच्या, हे सिनेमाने आधीच ठरवलेले आहे, हेही तितकेच खरे.

पुतळ्यांची हकीकत त्याहून बोलकी आहे. 'रॉकी'च्या तिसऱ्या भागासाठी नायकाचा ब्राँझचा पुतळा घडवला गेला. कधीच न जन्मलेल्या या माणसाचा पुतळा २००६ साली संग्रहालयाच्या पायऱ्यांच्या पायथ्याशी बसवला गेला. फ्रेझियर हाडामांसाचा माणूस. त्याच शहरात राहिला, तिथेच त्याने तालीम चालवली आणि वस्तीतल्या पोरांना शिकवले. ती तालीम २००८ साली बंद पडली. नोव्हेंबर २०११ मध्ये तो वारला. त्याचा पुतळा शहरात उभा राहायला २०१५ साल उजाडावे लागले. तेव्हा त्याच्या मृत्यूलाही जवळपास चार वर्षे होत आली होती. चक वेप्नरलाही आपल्या वाट्यासाठी २००३ साली न्यायालयात जावे लागले. २००६ साली ते प्रकरण आपसांत मिटले.

मग काय, हा सिनेमा पाहू नये? असे मुळीच नाही. अवश्य पाहावा, पोराबाळांना घेऊन पाहावा. परीक्षेत नापास झालेल्या, भरतीत नाकारल्या गेलेल्या, कामावरून कमी केलेल्या कुठल्याही माणसाला त्या पंधरा फेऱ्या आपल्याच वाटतील. निकाल पंचांच्या हातात असतो, पण उभे राहणे आपल्या हातात असते, हे या सिनेमाने फार साधेपणाने सांगितले आहे. तुटक्या सामानावर, घरच्या माणसांच्या मदतीने आणि किमान मजुरीवर काम करून सांगितले आहे, म्हणून ते मनाला लागते.

फक्त एक करा. रॉकी मांसावर ठोसे मारू लागला की मुलांना जो फ्रेझियरचे नाव सांगा. वाकड्या हाताची गोष्ट सांगा. पायऱ्या आल्या की पुन्हा सांगा.

जमल्यास त्यानंतर २०१५ सालचा 'क्रीड' हा सिनेमाही पाहावा. रायन कूगलर या कृष्णवर्णीय तरुण दिग्दर्शकाने तो केला. त्यात नायक आहे अपोलोचा मुलगा, आणि म्हातारा रॉकी त्याचा वस्ताद होतो. हा मुलगाही शेवटच्या घंटेपर्यंत उभा राहतो आणि तोही पंचांच्या विभागलेल्या निकालावर हरतो. तेच पायऱ्यांचे ठिकाण, तीच चिकाटी. पण या वेळी टाळ्या कुणासाठी वाजतात, ते मुलांनाच विचारा. उत्तर ऐकण्यासारखे असेल.